पुतणीची बॅग

शाळेच्या फाटकाशी उभे राहून गेली तीस वर्षे मी दप्तरे पाहत आलो आहे. पलसाण्यासारख्या गावी दप्तरांचे प्रकार तरी किती असावेत! उसाच्या तोडणीसाठी डांगातून आणि धुळे-नंदुरबारकडून जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास इकडे उतरतात, त्यांची मुले युरियाच्या गोणीला दोन बंद शिवून आणतात. कापडगिरण्यांत काम करणाऱ्यांची मुले छपाईत बिघडलेल्या साडीची, निम्म्यावर फुले आणि निम्म्यावर कोरी अशी पिशवी मिरवतात. व्यापाऱ्यांच्या मुलांमागून चाके लावलेली दप्तरे खडखडत येतात. दप्तर पाहिले की घर दिसते, असे मी नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना नेहमी सांगतो, आणि ते सौजन्याने मान डोलावतात.

वाचकहो, या विषयातला एवढा अनुभव गाठीशी असतानाही २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या घरात एका बॅगेवरून जो पेच पडला, त्यापुढे माझी मती काही काळ कुंठित झाली. बॅग माझ्या धाकट्या भावाच्या मुलीची होती. ती वैमानिक झाली आहे. आमची आई तिला ‘विमानवाली’ म्हणते, आणि ती विमानात बसत नसून ते चालवते, हे शेजारणींना स्वतःच समजावून सांगते.

परगावच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पलसाणा हे सुरत जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि हजिऱ्याहून निघून बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करीत धुळ्याकडे जाणारा महामार्ग असे दोन मोठे रस्ते इथे एकमेकांना छेदतात, म्हणून बाहेरच्यांना ते ‘पलसाणा चोकडी’ म्हणूनच ठाऊक असते. १९४९ साली बडोदे संस्थान विलीन होईपर्यंत हा गायकवाडांच्या नवसारी प्रांतातला एक महाल होता. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि ते चालवण्यासाठी जी मास्तरमंडळी गावोगाव पांगली त्यांच्या पुढच्या पिढीतले आमचे आजोबा. ते बडोद्याहून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची एक चामड्याची बॅग होती. तपकिरी, चौकोनी, पितळी खटक्यांची. तीत परीक्षेच्या उत्तरपत्रिका असत. आम्हां भावंडांना तिला हात लावण्याची मुभा नव्हती; ती उघडताना होणारा ‘खट्’ असा आवाज ऐकण्यासाठी आम्ही दाराआड उभे राहत असू. हा आवाज माझ्या भावाच्या कानांत पन्नास वर्षे राहिला असावा, कारण पुढचे सारे त्यातूनच उद्भवले.

पुतणी गुजराती शाळेत शिकली, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन चांगली उत्तीर्ण झाली आणि एके दिवशी म्हणाली की मला वैमानिक व्हायचे आहे. भाऊ एका साखर कारखान्यात हिशेबनीस. अंक त्याला फसवत नाहीत. त्याने खर्चाचा अंदाज काढला, कागद घडी करून खिशात ठेवला आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बारडोलीजवळचा आमच्या वाटणीतून त्याला मिळालेला प्लॉट विकायला काढला. उरलेल्या रकमेचे कर्ज घेतले. आईने एकदाच विचारले, “मुली चालवतात का रे विमान?” तेव्हा मी तिला सौदामिनी देशमुखांची गोष्ट सांगितली. १९८५ साली तेव्हाच्या इंडियन एअरलाइन्सचे एक फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला केवळ स्त्रियांनी नेले, त्याच्या कप्तान या देशमुखबाई होत्या. ‘देशमुख’ हे आडनाव ऐकून आईचे समाधान झाले. आज भारतातल्या वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा पंधराच्या आसपास आहे आणि ते जगाच्या सरासरीहून पुष्कळ अधिक आहे, हे तिला सांगण्याची गरजच उरली नाही.

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर विमानविद्या शिकवतात. चोकडीवरून एस.टी. पकडायची, नवापूरला महाराष्ट्राची हद्द लागते, संध्याकाळपर्यंत धुळे. पुतणी एक पत्र्याची ट्रंक आणि खांद्यावर एक कापडी पिशवी घेऊन गेली. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. लेखी परीक्षा वेगळ्या, आणि त्यांत उत्तीर्ण होण्यासाठी शंभरात सत्तर गुण. (पस्तीस गुणांवर पेढे वाटणाऱ्या पालकांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो.) सुट्टीत घरी आली की तिच्या पिशवीतले सामान मी मोठ्या कुतूहलाने पाहत असे: नकाशे, लांब पट्टी, कोनमापक, आणि एक गोल फिरणारी तबकडी, जिच्यावर वारा, वेग आणि इंधन यांचा हिशेब बोटाने फिरवून काढता येतो. ही तबकडी म्हणजे जुन्या सरकपट्टीचेच गोल रूप. तिच्यावरून मला जे. आर. डी. टाटांची आठवण झाली. १९३२ सालच्या ऑक्टोबरच्या १५ तारखेला ते कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका छोट्या पुस मॉथ विमानात निघाले, अहमदाबादेस उतरले, तिथे बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले इंधन भरले आणि मुंबईला जुहूच्या मैदानावर पोहोचले. अहमदाबाद ते मुंबई म्हणजे आमचा दक्षिण गुजरात वाटेतलाच. त्या प्रवासात त्यांचे स्वतःचे म्हणावे असे सामान काय होते? डोळ्यांवर लावायचा जाड चष्मा आणि एक सरकपट्टी. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. पुतणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “काका, त्यांना बॅगच लागली नाही!” त्या वेळी ते हसण्यावारी गेले.

२०२० च्या फेब्रुवारीत तिचा परवाना आला. त्याच आठवड्यात कारखान्याच्या कामासाठी भाऊ मुंबईस गेला होता. परतताना तो वैमानिकाची बॅग घेऊन आला. अस्सल चामडे, काळाभोर रंग, वरून उघडणारे झाकण, दोन पितळी खटके आणि प्रत्येकाला आकडे जुळवायचे कुलूप. जुन्या चित्रपटांत टोपीधारी वैमानिक हातात घेऊन विमानाच्या शिडीकडे जाताना दिसतो, तीच ही पेटीवजा बॅग. किंमत त्याने सांगितली नाही. पुढे भावजयीकडून कळली: साडेअकरा हजार. ज्या माणसाने स्वतःसाठी दहा वर्षांत नवी चप्पल घेताना तीन दुकाने हिंडली, त्याने ही बॅग घासाघीस न करता घेतली होती.

मार्चच्या २५ तारखेपासून देशातली प्रवासी विमाने थांबली. दोन महिन्यांनी ती पुन्हा उडू लागली खरी, पण नव्या वैमानिकांना कोण विचारतो? ज्यांना नोकऱ्या होत्या त्यांचेच पगार कापले जात होते. बॅग कपाटावर गेली. जुन्या धोतराच्या पानात गुंडाळून ठेवलेली ती वस्तू आमच्या घरातल्या प्रत्येकाला रोज दिसे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नसे. आमच्याकडचा पावसाळा चामड्याचा वैरी. श्रावणात त्यावर पांढरी बुरशी धरते. भावजय दर पावसाळ्यात दोनदा ती खाली काढून खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसत असे. पुतणी बाहेरच्या खोलीत दहावीच्या मुलांना गणित शिकवी. दर वर्षी वैद्यकीय तपासणी करून घ्यायची, परवाना जिवंत ठेवण्यासाठी पैसे भरायचे, कुठे जागा निघाली की अर्ज करायचा आणि परीक्षेला जायचे. हप्ते चालूच होते. गावातले लोक भेटले की विचारत, “काय मास्तर, तुमचं विमान कधी उडणार?” विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसेलही, पण असे प्रश्न ऐकून माझ्या भावाने संध्याकाळी चौकात जाणे सोडले.

२०२३ च्या अखेरीस तिची निवड झाली. मग त्या विशिष्ट विमानाचे शिक्षण, कृत्रिम विमानकक्षातला सराव, परीक्षा. उन्हाळ्यात रुजू होण्याचे पत्र आले आणि ज्या रविवारी ती घरी आली त्याच दुपारी भावाने स्टूल घेतले, कपाटावरून बॅग उतरवली, धोतर सोडले आणि खटके उघडून दाखवले. ‘खट्, खट्’. पुतणीने मूठ धरून बॅग उचलली, क्षणभर तशीच धरली आणि खाली ठेवली. “छान आहे, बाबा,” एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती शाळेत माझ्या खोलीत आली. शिपाई गेला होता. ती म्हणाली, “काका, ती बॅग मी नेऊ शकत नाही. बाबांना कसं सांगू?”

मी म्हटले, आधी मला सांग.

तिने जे सांगितले ते एखाद्या जाणत्या शिक्षकाच्या तोडीचे होते. तिला मिळालेले विमान ए.टी.आर. जातीचे, दोन पंख्यांचे, सत्तर-पंचाहत्तर प्रवासी नेणारे, छोट्या शहरांना जोडणारे. त्याचे प्रवाशांचे दार शेपटाकडे असते. वैमानिकांची जागा दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये सामानाचा कप्पा. म्हणजे मागून चढायचे आणि आसनांच्या दोन रांगांमधल्या अरुंद वाटेने विमानाची संबंध लांबी चालून पुढे जायचे. हातातली चौकोनी पेटी प्रत्येक आसनाच्या हाताला ठेचकाळत जाणार. पुढे पोहोचल्यावर खुर्चीच्या कडेला जी चिंचोळी जागा, तीत ही पेटी बसत नाही. आणि पायांत किंवा यंत्रांजवळ काही ठेवण्याची सोय नाही. दिवसातून चार-पाच उड्डाणे. प्रत्येक विमानतळावर सुरक्षा-तपासणी, प्रत्येक ठिकाणी बॅग यंत्रातून जाणार, आतली टॅबलेट बाहेर काढावी लागणार. तिथे रांग अडवून आकडे जुळवत कुलपे कोण उघडणार? “आणि काका,” ती म्हणाली, “दर वर्षी डॉक्टर तपासतात. पाठ गेली तर नोकरी गेली. मग कर्ज?”

हे शेवटचे ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो.

पूर्वीच्या वैमानिकांनी मग असली अवजड पेटी का बाळगली, हा प्रश्न माझ्यातल्या मास्तराला स्वस्थ बसू देईना. बडोद्याला ओळखीचे एक निवृत्त कॅप्टन आहेत, त्यांना फोन केला. ते मोकळेपणाने बोलले. अमेरिकेत एल्रे जेप्पसन नावाचा टपालाचा वैमानिक होता. १९३० च्या सुमारास त्याने दहा सेंटांची एक काळी वही घेतली आणि वाटेवरचे डोंगर किती उंच, कुठल्या मैदानाची लांबी किती, जवळ कोणत्या शेतकऱ्याकडे फोन आहे ज्याला हवामान विचारता येईल, हे सारे तो तीत टिपू लागला. सोबतच्या वैमानिकांनी त्या वहीच्या प्रती मागितल्या. १९३४ साली त्याने त्या दहा डॉलरला एक अशा विकायला काढल्या. पुढे त्या वहीची जाडजूड बांधीव पुस्तके झाली. जगभरच्या वैमानिकांच्या पेट्यांत तीच भरलेली असत. नकाशे, उतरण्याच्या पद्धतींचे तक्ते, विमानाचे नियमग्रंथ. माहिती अठ्ठावीस दिवसांच्या चक्राने बदलते, म्हणून सुधारित पानांची पाकिटे घरी येत. जुने पान काढायचे, नवे घालायचे, नोंद करायची. कॅप्टन म्हणाले, “रविवारी जेवणाच्या टेबलावर मी पानं बदलत बसे आणि बायको म्हणे की यापेक्षा तुम्ही तलाठी झाला असतात तर बरं होतं.” ही पेटी सोळा-सतरा किलोंची होई. ती उचलून कित्येकांचे खांदे आणि कमरा कायमच्या दुखावल्या.

मग टॅबलेट आली. २०११ साली अमेरिकेतल्या अलास्का एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना त्या वाटल्या. २०१३ पर्यंत अमेरिकन एअरलाइन्ससारख्या अवाढव्य कंपनीने आपल्या विमानांतून कागदाची ती पेटीच हद्दपार केली आणि तिचे वजन उतरल्याने इंधनापोटी वर्षाला दहा लाखांवर डॉलर वाचतील असा हिशेब मांडला. एका पेटीचे वजन ते काय, पण विमानाला किलोकिलोचे इंधन लागते. मौज अशी की या विद्युत व्यवस्थेलाही ‘बॅग’च म्हणतात: इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग. सोळा किलोंचे ग्रंथ अर्ध्या किलोच्या पाटीवर आले. भावाने आणलेली पेटी ज्या ग्रंथांच्या मापाने घडवली होती, ते ग्रंथच आता विमानात चढत नाहीत. घोडा गेला आणि खोगीर तेवढे उरले.

आता हे भावाला सांगायचे कसे? मी माझ्या व्यवसायाचा आधार घेतला. दप्तराच्या ओझ्याचा विषय आमच्या क्षेत्रात जुना आहे. इंग्रजीचे थोर कथाकार आर. के. नारायण राज्यसभेत गेले, तेव्हा १९८९ साली त्यांनी आपल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचा प्रश्न मांडला. पुढे प्राध्यापक यशपाल यांची समिती नेमली गेली आणि १९९३ साली तिचा अहवाल आला. माझ्या मते तिचा खरा रोख पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजता पाठ करण्याच्या ओझ्यावर होता, आणि तेवढाच भाग आपण सोयीने विसरलो. पण तो विषय वेगळा. २०२० च्या केंद्रीय दप्तर-धोरणाने एक सुटसुटीत नियम दिला: दप्तर मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून जड नसावे. हा नियम मुलांसाठी आहे हे मला ठाऊक आहे. परंतु मणक्याला वयाचा दाखला कोण विचारतो?

रात्री जेवणे झाल्यावर मी भावाला म्हटले, “उद्या सकाळी बॅग आणि तिच्यात जे जायचं ते सारं घेऊन वाण्याकडे चल. वजन करू.”

तो म्हणाला, “दादा, तुला काहीतरी सांगायचंय. सरळ सांग.”

“आकडे सांगतील.”

वाण्याच्या दुकानात सकाळी गिऱ्हाईक नव्हते. पुतणीने एकेक वस्तू ताटात ठेवली आणि भावाने सवयीने पाकिटाच्या मागच्या बाजूवर लिहून घेतले. टॅबलेट. कानांवरचे हेडफोन. परवाना, रेडिओ चालवण्याचा परवाना, वैद्यकीय दाखला आणि पासपोर्ट यांची पातळ फाइल. उड्डाणांची नोंदवही. विजेरी, कारण पहाटे आणि रात्री विमानाभोवती फिरून चाके, पंखे, कडा पाहाव्या लागतात. अंधारात चमकणारे पिवळे जाकीट. चार्जर आणि पॉवर बँक. दुसरा चष्मा, पुतणीला चष्मा असल्याने एक डोळ्यांवर आणि एक जवळ, असे दोन असल्याशिवाय तिला विमान चालवता येत नाही. पाण्याची बाटली आणि डबा. डब्यात दशम्या होत्या. तसे पाहिले तर आमच्या घरात दशमी आणि थेपला यांतला भेद दोन पिढ्यांपूर्वीच मिटला आहे.

डब्यामागे एक छोटी बाटली निघाली. आईने गुपचूप घातलेले द्राक्षासव, पोरीला भूक लागत नाही म्हणून. पुतणीने ती हसत बाहेर ठेवली. उड्डाणापूर्वी वैमानिकाचा श्वास यंत्राने तपासतात. आणि आसवे-अरिष्टे मुरताना त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो. २०२३ च्या नियमाने तर मद्यार्क असलेले चूळ भरण्याचे औषधसुद्धा वैमानिकाला वर्ज्य केले आहे. पुढे घरी ही गोष्ट आईला समजावताना फार प्रयास पडले. “मी नातीला दारू देते होय?” असे म्हणून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सामान भरले तीन किलो शंभर. रिकामी चामड्याची बॅग चार किलो दोनशे. भावाने बेरीज केली: सात किलो तीनशे. पुतणीचे वजन बावन्न; एक दशांश म्हणजे पाच किलो दोनशे. “म्हणजे रिकामी बॅग दोन किलो शंभराच्या आत हवी,” तो स्वतःच म्हणाला. पाकीट घडी करून खिशात ठेवले. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, “मग मी ही घेतली कशाला?”

पुतणी म्हणाली, “बाबा, ती चार पावसाळे कपाटावर होती म्हणून मी शिकवण्यांतच अडकून राहिले नाही. सकाळी उठलं की पहिली तीच दिसायची.”

वाण्याने विचारले, बॅगेत आता काही भरायचे आहे का. कोणी उत्तर दिले नाही.

सुरतेला नवी बॅग घ्यायला मी आणि पुतणी गेलो. भाऊ कामाचे निमित्त सांगून घरी राहिला. दुकानदाराने पहिल्याने काढली ती चामड्याचीच. “साहेब, आखी जिंदगी चालशे.” मी म्हटले, बॅग चालेल, बाईचे खांदे चालायला हवेत. मग त्याने नायलॉनच्या पंधरा-वीस बॅगा काढल्या. मी तिथे नुसता बसलो होतो. निवड पाहण्यासारखी होती. रंग काळा आणि वर कसलेही ठळक चिन्ह नाही, हा कंपनीचा दंडक, त्यात पाच-सहा गळाल्या. पुतणीने एकेक जमिनीवर ठेवून पाहिली: न धरता उभी राहते की कलंडते? जी कलंडली ती बाद. मग आडवी धरून स्वतःच्या दोन पायांपुढे घेऊन चार पावले चालली. आसनांमधल्या वाटेने ती अशीच न्यायची. लोंबते पट्टे असलेल्या दोन बाद केल्या, कारण पट्टा कुठल्या दांड्यात अडकेल याचा नेम नाही. चेन एका हाताने, न पाहता, उघडते का ते पाहिले. मागच्या बाजूला एक आडवी कापडी पट्टी शिवलेली असावी लागते, जिच्यातून चाकांच्या पेटीचा दांडा जातो आणि मुक्कामाच्या दिवशी एक बॅग दुसरीवर स्वार होते. अखेरीस दोन उरल्या. दिसायला सारख्या, एकीला आतून काळे अस्तर, दुसरीला करडे. पुतणीने तत्काळ करडी उचलली.

मी कारण विचारले. म्हणाली, “रात्री पुढे दिवे मंद असतात, काका. काळ्या अस्तरात काळी वायर आणि काळं पेन सापडत नाही.”

तीस वर्षे दप्तरे पाहिली, पण अस्तराचा रंग हा मुद्दा माझ्या ध्यानात कधी आला नव्हता. शाळा उघडल्यावर मी मुद्दाम पाहिले. आमच्या मुलांच्या बहुतेक दप्तरांचे अस्तर काळे किंवा गर्द निळे आहे, आणि खोडरबर हरवल्याची तक्रार करणाऱ्यांची संख्या आपणांस ठाऊक आहेच.

बॅग सव्वीसशे रुपयांना पडली. वजन एक किलो तीनशे. भरल्यावर चार किलो चारशे. नियमाच्या आठशे ग्रॅम आत. घरी आल्यावर भावाने ती उचलून पाहिली, शिवण ओढून पाहिली, मुठीखालचा टाका थोडा कच्चा आहे म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बाजारातल्या चांभाराकडे नेऊन तिथे चामड्याचा एक तुकडा घालून दुहेरी शिवून आणली. त्या तुकड्याने वजन किती वाढले ते आम्ही कोणी मोजले नाही.

आता ती उडते. तिचे बहुतेक मुक्काम दक्षिणेत असतात. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी रजा. आली की बॅग दाराशी उभी असते, कलंडत नाही. आईने द्राक्षासवाचा आग्रह सोडला असून त्याऐवजी सुंठीच्या वड्या पाठवते; त्यांचा घटक-पदार्थ तिने मला कागदावर लिहून घ्यायला लावला, न जाणो, कोणी विचारलेच तर.

चामड्याची बॅग पुन्हा कपाटावर गेली नाही. ती भावाच्या टेबलाखाली आहे. तीत प्लॉट विकल्याचे कागद, कर्जाचा करारनामा, धुळ्याच्या फीच्या पावत्या आणि पुतणीच्या पहिल्या नोंदवहीची झेरॉक्स प्रत आहे. दर महिन्याच्या सात तारखेला हप्ता जातो. त्या संध्याकाळी भाऊ बँकेच्या निरोपाचा कागद छापून आणतो, दोन्ही कुलपांचे आकडे जुळवतो, खटके उघडतो आणि कागद तारखेप्रमाणे लावून ठेवतो. अजून शहात्तर हप्ते आहेत.